न्हाणीघरातला इतिहास

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातली वडीलधारी बाई तेलाची वाटी घेऊन पाटाजवळ बसते, तेव्हा तिच्या हातून शरीराचा एकही कोपरा सुटत नाही. कानामागची घडी, मानेवरचा मळ, बोटांची बेचकी, टाचांच्या भेगा, सगळीकडे तेल जिरते आणि मग नागरमोथा, कापूरकाचरी, आंबेहळद, वाळा असे काय काय घातलेले उटणे लागते. आंघोळीबद्दल आपल्याकडे कोणी अबोल राहात नाही. पाणी किती कढत असावे, शिकेकाई रात्री भिजवावी की आयत्या वेळी उकळावी, यावर दोन जावांमध्ये वाद झालेले पुष्कळांनी ऐकले असतील. पण मुलगी जरा मोठी झाली की याच बोलक्या न्हाणीघरात एका जागेपाशी सगळ्या बायका गप्प होतात. "नीट धू गं," एवढेच पाठ फिरवून सांगितले जाते. नीट म्हणजे कसे, किती, कशाने, हे ना सांगणारी सांगते, ना ऐकणारी विचारते.

या न सांगितलेल्या गोष्टीचा इतिहास मांडावा, असे योजले आहे. वाचकांनी दचकू नये. दिवाळी अंक घरातली सगळी माणसे वाचतात हे ठाऊक असूनच हा विषय घेतला आहे. ज्या घरात मधुमेहाची आणि दमेकऱ्याच्या पथ्याची चर्चा जेवणाच्या पानावर होते, तेथे घरातल्या निम्म्या माणसांच्या शरीराविषयी चार शब्द निघाले तर काही बिघडू नये.

प्रथम आपल्याच घरातले पाहू. जुन्या वाड्यातले न्हाणीघर म्हणजे एक अंधारी जागा. कोपऱ्यात चुलाण किंवा तांब्याचा बंब, शेजारी घंगाळे, आणि दाराला बऱ्याच ठिकाणी कडीऐवजी गोणपाटाचा पडदा. तरीही ज्यांच्याकडे ते होते त्या भाग्यवानच म्हणावयाच्या. इतरांना नदी, ओढा किंवा विहिरीचा काठ होता आणि तेथे अंगावरच्या लुगड्यासकट आंघोळ उरकावी लागे. ओल्या लुगड्याच्या आत हात घालून जेवढी स्वच्छता साधेल तेवढी खरी. पाळीच्या दिवसांत जुन्या लुगड्याच्या घड्या वापरीत. त्या धुवायच्या कोणाच्या दृष्टीस न पडता, आणि वाळत घालायच्या त्या दुसऱ्या कपड्याखाली, गोठ्यात नाहीतर अडगळीत. आता मौज अशी, की या साऱ्या प्रकारात कापड वापरणे हा दोषच नव्हता. स्वच्छ धुतलेले, कडक उन्हात वाळवलेले सुती कापड चांगलेच असते. दोष होता लपवण्याचा. ज्या वस्तूला सगळ्यांत जास्त ऊन हवे, तिलाच ते मिळत नसे.

वैद्यांना हा विषय वर्ज्य नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात स्त्रियांच्या योनिव्यापदांचे, म्हणजे त्या जागेच्या व्याधींचे, वीस प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांवर औषधी काढ्यांनी धुण्याचे, तेलाचा बोळा ठेवण्याचे उपचारही आहेत. मात्र ते उपचार रोग्याचे आहेत. निरोगी बाईने रोज उठून काढ्याने आतून धुवावे, असा नेम त्यात नाही. बाळंतिणीला शेकशेगडी आणि ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची घरगुती चालही त्या चार-सहा आठवड्यांपुरती. औषध आणि रोजची आंघोळ यांतला हा भेद पुढे आपणच नव्हे, तर मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणवणारेही विसरले. ती हकीगत आपल्या देशाबाहेर घडली. ती सांगायची म्हणजे जरा लांबून सुरुवात करावी लागेल.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात चार्ल्स नोल्टन नावाचा एक खेडवळ डॉक्टर होता. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगलेल्या बायका पाहून त्याने १८३२ साली एक छोटेसे पुस्तक लिहिले. संबंधानंतर पिचकारीने तुरटीचे किंवा तशाच एखाद्या द्रव्याचे पाणी आत सोडून धुतले तर गर्भ राहणे टळेल, असा त्याचा उपाय होता. उपाय कच्चाच होता, हे आज आपण जाणतो. पण एका डॉक्टरने बाईच्या त्रासाचा बाईच्या बाजूने विचार केला, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. तिचे बक्षीस म्हणून त्याला दंड झाला आणि नंतर तीन महिन्यांची सक्तमजुरीही.

हेच पुस्तक पंचेचाळीस वर्षांनी लंडनमध्ये पुन्हा छापले गेले. छापणाऱ्या दोघांपैकी एक चार्ल्स ब्रॅडलॉ, आणि दुसरी एक तिशीच्या आतली बाई. तिचे नाव अ‍ॅनी बेझंट. होय, त्याच बेझंटबाई. टिळकांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये होमरूल लीग काढली आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ज्यांनी आपली वेगळी लीग काढली, पुढच्या वर्षी ज्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, त्यांची भारतात येण्यापूर्वीची ही हकीगत आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. १८७७ च्या जूनमध्ये खटला उभा राहिला. बाईंनी आपली बाजू स्वतः मांडली. दाटीवाटीने राहणाऱ्या, वर्षाआड बाळंत होणाऱ्या मजूर बायकांच्या हालांचे वर्णन एक स्त्री भर कोर्टात करीत होती, हीच त्या वेळी पुष्कळांना खरी अश्लीलता वाटली. ज्यूरीने पुस्तक अश्लील ठरवले. सहा महिन्यांची शिक्षा झाली. पुढल्या वर्षी अपिलात ती तांत्रिक कारणावर सुटली. दरम्यान ज्या पुस्तकाला वर्षाकाठी काही शेकडा गिऱ्हाइके मिळत, त्याच्या प्रती लाखावर खपल्या. पण बेझंटबाईंना खरी किंमत निराळीच द्यावी लागली. नवऱ्यापासून त्या विभक्त होत्या आणि मुलगी त्यांच्याजवळ राहात होती. असले पुस्तक छापणारी आई मुलीला वाढवण्यास योग्य नव्हे, हाही एक मुद्दा करून १८७८ मध्ये कोर्टाने ती मुलगी त्यांच्यापासून काढून घेतली.

इकडे अमेरिकेत १८७३ सालीच कॉमस्टॉक नावाच्या गृहस्थाच्या खटपटीने एक कायदा झाला होता. गर्भप्रतिबंधाची साधने आणि त्याविषयीची माहितीसुद्धा टपालाने पाठवणे हा त्याने गुन्हा ठरवला. कायद्याने गरज काही संपत नाही, ती फक्त नाव बदलते. पुढे जाहिरातदारांनी ‘स्त्रियांची स्वच्छता’ असा एक सोज्वळ शब्दप्रयोग रूढ केला. त्याआडून मूल नको असलेल्या बाईला जे विकायचे ते विकता येई, आणि ‘आम्ही फक्त स्वच्छतेविषयी बोलतो’ असे म्हणावयास दुकानदार मोकळा. बिचाऱ्या खऱ्याखुऱ्या स्वच्छतेचा यात बळी गेला. धुणे म्हणजे आतून धुणे, आणि जितके जहाल तितके उत्तम, अशी दोन पिढ्यांची समजूत झाली ती येथून.

या गोष्टीतला खलपुरुष कोण म्हणाल, तर लायसॉल. १८८९ साली जर्मनीत पटकीच्या साथीत उपयोगी पडावे म्हणून हे जंतुनाशक निघाले. लिस्टरने १८६७ मध्ये कार्बोलिक अ‍ॅसिडने जखमा धुऊन रोगी वाचवता येतात हे दाखवल्यापासून जंतूंचा जो धसका जगाने घेतला होता, त्याचेच हे अपत्य. त्यात क्रेसोल असे. फरशा, मोऱ्या, इस्पितळातली भांडी धुवायला ते ठीक होते. पण १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेतल्या मासिकांतून तेच द्रव्य पाण्यात मिसळून बायकांनी आतून वापरावे अशा जाहिराती येऊ लागल्या. काय त्या जाहिराती! एका चित्रात बंद दाराबाहेर रडवेली बायको उभी. नवरा दुरावला आहे, संसार मोडकळीला आला आहे, आणि दोष कोणाचा? तिचाच, तिने ‘स्वच्छता’ पाळली नाही म्हणून. युरोपातल्या नामांकित डॉक्टरीणबाईंची प्रशस्तिपत्रे खाली छापलेली असत. वैद्यकीय संघटनेने त्यांतल्या एकीचा शोध घेतला, तेव्हा तशी कोणी डॉक्टर अस्तित्वातच नाही असे आढळले.

त्या औषधाने काय होत असे, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते असे नाही. १९११ पर्यंतच लायसॉलच्या विषबाधेची जवळजवळ दोनशे उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली होती आणि गर्भाशय त्याने धुतल्यामुळे झालेले मृत्यूही त्यांत होते. भाजणे, सोलवटणे, आग होणे ही तर रोजची रड. बरे, ज्या छुप्या हेतूने बायका ते घेत, तोही साधत नसे. पाचशेवर स्त्रियांच्या एका पाहणीत जवळजवळ निम्म्या जणींना दिवस गेल्याचे १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. तरी खप चालूच. कोणती बाई उठून तक्रार करणार होती? कशासाठी वापरले हे सांगणेच जेथे बेकायदा, तेथे अंग भाजले म्हणून दाद कोणाकडे मागायची? १९५२ साली त्यातले क्रेसोल बदलून सौम्य द्रव्य घालण्यात आले. तोवर दोन पिढ्या भाजून निघाल्या होत्या.

आता या साऱ्या गदारोळातली सर्वांत चटका लावणारी गोष्ट सांगतो. आतून धुण्याची मुळीच गरज नसते, हे लायसॉल बाजारात आल्यानंतर तीनच वर्षांनी, म्हणजे १८९२ सालीच, एका माणसाने शोधून, छापून, जगापुढे ठेवले होते. त्याचे नाव अल्बर्ट ड्योडरलाइन. लाइपझिगच्या प्रसूतिशाळेतला हा तरुण डॉक्टर बाळंतज्वराच्या मागे लागला होता. बाळंतज्वर हा त्या शतकाचा काळ होता. त्याआधी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस याने दाखवून दिले होते, की डॉक्टरांनी शवचिकित्सेवरून येऊन तसेच हात न धुता बाळंतिणीला तपासले की ती दगावते. क्लोरीनच्या पाण्याने त्यांनी हात धुतले की वाचते. धुवायचे होते ते डॉक्टरांचे हात! त्याचे त्या वेळी कोणी ऐकले नाही, आणि पुढे जंतूंवर विश्वास बसला तेव्हा उत्साहाच्या भरात डॉक्टर मंडळी बाळंतिणीलाच आतून जंतुनाशकांनी धुऊ लागली.

ड्योडरलाइनने निरोगी स्त्रियांचे स्राव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्याला त्यात काठीच्या आकाराचे जंतू दिसले. दिसले म्हणून तो घाबरला नाही, हा त्याचा मोठेपणा. हे जंतू आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लामुळे पू करणारे घातक जंतू तेथे टिकू शकत नाहीत, हे त्याने प्रयोगाने दाखवले. आणि ते आम्ल कोणते? लॅक्टिक. आपल्या मराठी घरात ज्याला समजावून सांगण्याची गरज नाही असे आम्ल, दह्यातले!

दह्याचा दाखला येथे केवळ शोभेला घेतलेला नाही. या जंतूंचे आणि विरजणातल्या जंतूंचे कूळ खरोखरच जवळचे आहे. वयात आल्यावर स्त्रीच्या शरीरातल्या रसांमुळे योनिमार्गाच्या अस्तरात एक पिठूळ साखर साठते. तिच्यापासून लॅक्टिक आम्ल तयार होते आणि तेथली आंबटाई साधारण ताज्या दह्याइतकी राहते. चांगले लागलेले दही जसे सहसा नासत नाही, कारण नासवणाऱ्यांना त्यात थारा मिळत नाही, तसेच हे. आता विरजण लावलेल्या भांड्यात कोणी रोज साबणाचे पाणी ओतले तर काय होईल, हे कोणत्याही गृहिणीला विचारावे. अंगाला लावायचा बहुतेक वडीचा साबण अल्कधर्मी असतो, म्हणजे नेमका आंबटाईच्या उलट. बादलीत झाकणभर जंतुनाशक ओतण्याची जी हौस आपल्याकडे आहे, तीही याच कारणाने तेथे नडते. राखणदार मरतात आणि चोरांना वाट मोकळी होते.

अर्थात विज्ञान १८९२ वर थांबले नाही. २०११ मध्ये अमेरिकेत ३९६ निरोगी स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध झाली, तीत असे निघाले की सगळ्यांचे विरजण एकसारखे नसते. सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांमध्ये हे दह्याचे जंतू बहुसंख्य नव्हते, तरीही त्या ठणठणीत होत्या. म्हणजे शरीराला आपल्या सोयीचे वागण्याची मुभा आहे, आणि ‘असे असेल तरच ठीक’ म्हणून काही विकायला येणाऱ्याला तेवढीच कमी.

मग धुवायचे तरी काय? प्रश्न साधा आहे आणि उत्तरही साधेच आहे, फक्त ते द्यायला इतकी वर्षे लागली. धुवायचे ते बाहेरचे अंग, कोमट किंवा साध्या पाण्याने, हाताने, हळुवारपणे, रोज एकदा. उन्हाळ्यात किंवा पाळीच्या दिवसांत दोनदा. साबण लावायचाच तर सौम्य, बिनवासाचा, आणि बाहेरच्या बाहेर. हात नेहमी पुढून मागे, म्हणजे शौचाच्या जागेचे जंतू पुढे यायचे नाहीत. घासायचे नाही, टिपून कोरडे करायचे. कापड सुती. उटण्यातली भरड पूड, अत्तर, सुगंधी पावडर यांना तेथे काम नाही. थोडा पांढरट, बिनवासाचा स्राव हा मळ नव्हे. महिन्याच्या तिथीप्रमाणे तो कमीजास्त होतो. पण खाज सुटली, दुर्गंधी आली, दह्याच्या गुठळ्यांसारखे किंवा हिरवट-पिवळे जाऊ लागले, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ते धुऊन जाणारे नाही. तेथे डॉक्टर पाहिजे. आपल्या जुन्या बायका ‘अंगावरून जाते’, ‘धुपणी आहे’ म्हणून वर्षानुवर्षे काढीत. ते दुखणे अंगावर काढण्यासारखे कधीच नव्हते.

अंगावर काढीत, कारण दाखवायचे कोणाला? १८८३ मध्ये अमेरिकेला निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाई जोशांनी जे भाषण केले त्याचा गाभा हाच होता: हिंदू स्त्रिया पुरुष डॉक्टराला आपले दुखणे सांगत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हवी. ती होऊन १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. प्रबंधाचा विषयही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच घेतला होता. त्याच वर्षी मुंबईत कामा इस्पितळ सुरू झाले, स्त्रियांसाठी आणि स्त्री डॉक्टरांनी चालवलेले. पुढच्या वर्षी आनंदीबाई गेल्या. वय पुरते बावीसही नव्हते.

मराठीत या विषयाची कडी उघडली ती मात्र एका गणिताच्या प्राध्यापकाने. रघुनाथ धोंडो कर्वे. वडील महर्षी, त्यांनी विधवांना शिक्षण दिले, तर मुलाने सधवांना त्यांच्याच शरीराची माहिती द्यायला घेतली, आणि हे दुसरे काम समाजाला पहिल्यापेक्षाही झोंबले. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचे काम सुरू केले, प्राध्यापकी गेली, आणि १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. वाचकांनी पत्र टाकून विचारायचे आणि कर्व्यांनी आडपडदा न ठेवता उत्तर द्यायचे. आईला विचारता येत नाही, डॉक्टरला तोंडातून शब्द फुटत नाही, असे प्रश्न त्या पत्रांतून येत. खटले झालेच. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. वाचकांच्या शरीरविषयक शंकांना उत्तरे देणे हाच गुन्हा ठरत असेल तर ज्ञान मिळवायचे कोठे, असा तो वाद होता. खटला हरला, दंड झाला. कर्वे दंड भरून पुन्हा पुढच्या अंकाला लागले. १९५३ च्या ऑक्टोबरात देह ठेवीपर्यंत सव्वीस वर्षे त्यांनी तो अंक काढला. माणूस तिरसट होता म्हणतात. असेल. गोड स्वभावाच्या माणसाकडून हे काम झाले असते असे वाटत नाही.

घड्यांची जागा घेणाऱ्या तयार पट्ट्यांचा इतिहास याच सुमाराचा आहे, तो थोडक्यात सांगतो. १८९६ मध्ये अमेरिकेत अशा पट्ट्या विकायला निघाल्या, पण दुकानदाराकडे मागायच्या कशा या संकोचाने त्या पडून राहिल्या. पहिल्या महायुद्धात लाकडाच्या लगद्यापासून केलेला एक कापूस जखमांसाठी वापरीत. आघाडीवरच्या परिचारिकांनी तोच आपल्यासाठी वापरून पाहिला, आणि त्यावरून १९२० साली कोटेक्स आले. गल्ल्याशेजारी पेटी ठेवलेली असे. पैसे टाकायचे, पुडा उचलायचा, तोंड उघडायचे नाही! १९२७ मध्ये लिलियन गिलब्रेथ या इंजिनिअर बाईंनी हजारावर स्त्रियांना विचारून एक पाहणी केली. तिच्यातून पहिल्यांदा कळले की पट्टी अंगाला टोचते, मोठी होते, दिसते. वापरणारीला विचारावे, हे सुचायला एक बाई लागली. आपल्याकडे कोइमतूरच्या मुरुगनंतम यांनी स्वस्त यंत्र बनवले, २०१८ च्या जुलैत या वस्तूवरचा कर उठला, तरी २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते चोवीस वयाच्या निम्म्या मुली कापड वापरीत असल्याचेच दिसले. ते धुवायला पाणी आणि वाळवायला ऊन मिळते की नाही, एवढाच खरा प्रश्न.

लायसॉल गेले तरी आतून धुण्याचा छंद काही गेला नाही. १९९५ च्या सुमारास अमेरिकेतल्या प्रजननक्षम वयाच्या दर चार स्त्रियांपैकी एक पिचकारी वापरीत होती, आता सुगंधी पाण्याची. त्या सवयीबरोबर गर्भाशय आणि नलिकांना सूज येण्याचे प्रमाण जास्त दिसते, असे संशोधन त्याच काळात पुढे आले, आणि तेथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थाच ‘धुऊ नका’ म्हणून सांगू लागल्या. नेमक्या त्याच वळणावर आपल्याकडे दुकानांच्या फळ्यांवर गुलाबी बाटल्या येऊन बसल्या. २०१२ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका जाहिरातीने तर कमाल केली. त्या बाटलीने म्हणे ती जागा गोरी होणार होती, आणि नवरा वर्तमानपत्रातून डोके वर काढणार होता. देशभर टीकेची झोड उठली. पण पाहा, बंद दाराबाहेरची ती अमेरिकन बायको ऐंशी वर्षांनी आपल्या दिवाणखान्यात येऊन बसली होती. वेष तेवढा पालटला होता.

ज्यांना बाटली घ्यायची की नाही हा प्रश्न पडतो त्यांचे ठीक आहे. ज्यांना पाण्याचाच प्रश्न पडतो, त्यांची गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा करता येत नाही.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. फडाशेजारी कोपी उभी राहते. तिला ना मोरी, ना आडोसा. पहाटे अंधारात उठायचे, दिवसभर तोडायचे, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या. पाळी आली तरी तेच कापड दिवसभर, बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही. मग खाज, पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे. त्यावर ‘पिशवीच काढून टाका’ असा सल्ला देणारे भेटत. २०१९ मध्ये हा प्रकार गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. बऱ्याचजणी चाळिशीच्याही आतल्या. पोट दुखायचे थांबेल, पाळीचा खाडा चुकेल, एवढ्या हिशेबावर त्यांनी कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेतल्या होत्या. कंबरदुखी, थकवा आणि वेळेआधी आलेले म्हातारपण यांचा हिशेब त्यांना कोणी सांगितला नव्हता.

त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम झाला. समितीने कारखान्यांना ज्या गोष्टी करायला सांगितल्या त्यांत कोणतेही नवे औषध नव्हते. पाणी, संडास, आंघोळीला आडोसा, आणि फडावर फिरती आरोग्य तपासणी. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागेच सुरू होतो. पुष्कळ घरांत पहिल्या आंघोळीचे पाणी तापते न तापते तोच ट्रॅक्टर दाराशी येतो, भांडीकुंडी, शेळी, तान्हे मूल त्यावर चढते, आणि मग पुढची नीट आंघोळ शिमग्यानंतर, गावी परतल्यावर.